न्यायालय हे मंदिर नव्हे



वर्षावासातील एका पौर्णिमेला कळव्यातील एका घरी वंदनेसाठी गेलो होतो. घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. लोकल गेली की फळीवरची भांडी वाजतात आणि बोलणारा माणूस आपोआप थांबतो. या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीला धम्मदीक्षा घेतली. देव्हारा होता त्या जागी आता तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्रिशरण-पंचशील झाले, खीर वाटून झाली, आणि मग घरातील आजींनी बाबासाहेबांच्या तसबिरीमागून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. जानेवारी 2022 मध्ये आलेली, जागा खाली करण्याची ती नोटीस होती.

आजी म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले. लोक म्हणतात, हा सुप्रीम कोर्टाचाच हुकूम आहे. सरकार चुकलं तर माणूस कोर्टात जातो. पण कोर्टच जा म्हणालं तर कुणाकडं जायचं? कायदा बाबासाहेबांनीच लिहिला ना?"

मी दोन-चार शब्द बोललो. पण ते उत्तर नव्हते, समजूत घालणे होते. घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. अशा माणसाला आजी प्रश्न विचारतात तेव्हा समजूत घालून सुटता येत नाही. म्हणून ते उत्तर आज सविस्तर लिहीत आहे. हा प्रश्न एकट्या आजींचा नाही. तो आपल्या प्रत्येक घराचा आहे.

प्रश्न असा : शासनाने मर्यादा ओलांडली तर त्याला आवर घालण्याचे काम संविधानाने न्यायालयांकडे सोपविले. ते काम न्यायालये कितपत करतात? आणि ती ते करीत नाहीत तेव्हा बौद्ध माणसाने काय करावे?

आपल्या वस्त्यांतून याची दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, कोर्ट म्हणजे न्यायमंदिर. तेथे गेले की न्याय मिळणारच. दुसरे उत्तर म्हणजे जुनी म्हण : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. एका उत्तरात भक्ती आहे, दुसऱ्यात निराशा आहे. बुद्धाने दोन टोके सोडून मधला मार्ग दाखविला. येथेही ही दोन्ही टोके आपल्याला सोडावी लागतील.

प्रथम भक्तीचे पाहू. 'न्यायमंदिर' हा शब्द आपण किती सहज वापरतो! मंदिरात काय असते? मूर्ती असते, पुजारी असतो, आणि हात जोडून उभा असलेला याचक असतो. मिळाले तर देवाची कृपा, न मिळाले तर नशिबाचा भोग. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण हे सारे नाकारले. मग देव्हाऱ्यातून देव काढून त्या जागी न्यायाधीश बसवायचा काय? कालामांच्या गावी बुद्धाने लोकांना सांगितले होते की, कोणी थोर माणूस सांगतो म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका. ती आचरणात आणली असता हित होते की अहित, हे स्वतः पारखून घ्या. हा नियम धर्मग्रंथाला लागू होतो, तसाच न्यायालयाच्या निकालालाही लागू होतो.

बाबासाहेबांनीही न्यायाधीशांना देव मानले नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी सरन्यायाधीशांची संमती अत्यावश्यक असावी, अशी सूचना घटना समितीत आली होती. 24 मे 1949 रोजी तिला उत्तर देताना त्यांनी सांगितले की, सरन्यायाधीश मोठ्या योग्यतेचा असला तरी शेवटी माणूसच आहे. तुमच्या-आमच्यासारखेच दोष, भावना आणि पूर्वग्रह त्यालाही असतात. हेच बाबासाहेब त्याआधी, 9 डिसेंबर 1948 रोजी, कलम 32 ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हणून बसले होते. मूलभूत हक्कांवर घाला आला तर सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे जाता यावे, म्हणून ते कलम आहे. या दोन मतांत विसंगती नाही. दार मोठे केले, पण दाराआड देव बसला आहे असे त्यांनी आपल्याला सांगितले नाही.

आता निराशेचे पाहू. त्यासाठी महाडला जावे लागेल.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. पुढचा भाग मात्र फार कमी सांगितला जातो. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. ती भरण्यापूर्वीच स्पृश्यांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि 14 डिसेंबर 1927 रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तळे सार्वजनिक, पाणी सर्वांचे, आणि कोर्ट म्हणते, तळ्यावर जाऊ नका! हजारो लोक सत्याग्रहासाठी जमले होते. आजींचा जो प्रश्न आहे, तोच त्या दिवशी बाबासाहेबांपुढे उभा होता.

त्यांनी काय केले? हुकूम मोडला नाही. लोकांना समजावून सत्याग्रह तहकूब केला. परंतु ते हात जोडून घरी बसले नाहीत. त्याच परिषदेत, 25 डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन केले. कारण तो हुकूम मागणाऱ्यांच्या मनात जो खरा कायदा होता, तो त्या पोथीत होता. आणि दावा लढविला. एक वर्ष नव्हे, नऊ वर्षांहून अधिक काळ. महाडच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. स्पृश्यांनी अपील केले ते ठाण्याच्या न्यायालयात. होय, कळव्याहून खाडी ओलांडली की लागते त्याच ठाण्यात. तेथेही ते हरले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि 17 मार्च 1937 रोजी तेथेही त्यांचा पराभव झाला.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून आपल्याला पाणी दिले नाही. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे स्पृश्यांना सिद्ध करता आले नाही, एवढेच न्यायालयाने ठरविले. ती सिद्ध झाली असती तर? तेव्हाच्या कायद्यात त्याला उत्तर नव्हते. ते उत्तर पुढे संविधानाच्या कलम 17 मध्ये आले : अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. आता कोणी हजार वर्षांची रूढी सिद्ध केली तरी ती त्या कलमापुढे टिकत नाही. कोर्टात जिंकूनही कोर्टाची उणीव कोठे आहे, हे बाबासाहेबांनी पाहिले आणि हाती संधी येताच कायदाच बदलला.

महाडचा धडा असा : हुकूम पाळा, पण त्यापुढे नमू नका, लढा सोडू नका, आणि न्यायालयाला जेथे मर्यादा पडते तेथे कायदा बदलण्याचे बळ कमवा.

स्वतंत्र भारतातील न्यायालयांची हीच परीक्षा घेऊ. मी येथे वकील म्हणून बोलत नाही; प्रगतिपुस्तक भरणाऱ्या शिक्षकाच्या नजरेने पाहतो.

1975 साली आणीबाणी आली. हजारो माणसे खटल्याशिवाय तुरुंगात गेली. अनेक उच्च न्यायालयांनी, त्यात मुंबईचेही होते, असे म्हटले की अटक बेकायदेशीर आहे काय, एवढे तरी आम्ही पाहू शकतो. परंतु 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दारही बंद केले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. ज्या वेळी आवर घालण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वेळी न्यायालयाने हात वर केले. या विषयात ते नापास झाले.

ती चूक दुरुस्त कोणी केली? प्रथम 1977 च्या निवडणुकीत मतदारांनी. नंतर संसदेने 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने असे ठरविले की, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही. न्यायालयाने स्वतः आपला तो निकाल उघडपणे रद्दबातल ठरविला तो 24 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी.

1976 च्या त्या चार न्यायाधीशांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. पुढे ते सरन्यायाधीश झाले. मुंबईतील फुटपाथवासीयांना हुसकून लावण्याची घोषणा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जुलै 1981 मध्ये केली, तेव्हा ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार आणि काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी त्याच चंद्रचूडांनी निकाल दिला की, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माणसाचे उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे त्याचे जीवनच काढून घेणे. किती मोठे तत्त्व! परंतु फुटपाथवरून हटविण्याची मनाई मात्र न्यायालयाने केली नाही. पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा, जुन्या गणनेची कार्डे असलेल्यांना पर्यायी जागा द्या, असे सांगितले. तत्त्व गरिबाला मिळाले, फुटपाथ महापालिकेला मिळाला.

एकच माणूस 1976 ला दार लावतो आणि 1985 ला अर्धे उघडतो. अनित्यतेचा सिद्धांत आपण विहारात ऐकतो. तो न्यायालयालाही लागू आहे. म्हणून माणसावर विसंबू नका. तत्त्व लिहून ठेवले गेले की ते उरते, आणि पुढच्या माणसाला कामी येते.

आता अगदी अलीकडचे. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, हिंसा झाली, धरपकड झाली. धरलेल्यांत कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईने काय केले? ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 30 जुलैला तेथेही ते हरले.

येथे न्यायालयाने शासनाला आवर घातला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जो निराशेने म्हणतो की सगळे एकाच माळेचे मणी, त्याने परभणीच्या त्या माउलीकडे पाहावे. परंतु भक्तीने बोलणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुन्हा नोंदविणे ही न्यायाची पहिली पायरी असते. मुलगा गमावलेल्या आईला त्या पहिल्या पायरीसाठी साडेसहा महिने झगडावे लागले. न्यायालय तिच्या दारी आले नाही. ती न्यायालयाच्या दारी गेली, म्हणून दार उघडले.

आता आजींच्या कागदाकडे येऊ.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या जमिनीवरील झोपड्यांबाबत निर्णय दिला. मूळ प्रकरण सुरत-उधना ते जळगाव या मार्गाचे होते. जमीन प्रकल्पाला हवी असेल तर नोटीस देऊन ती मोकळी करावी; पाडलेल्या प्रत्येक घरामागे दरमहा 2000 रुपये सहा महिने द्यावेत; आणि अतिक्रमण होऊ देणाऱ्या अधिकाऱ्यांवरही कारवाई करावी, असे त्यात होते. महिन्याभरातच कळवा-मुंब्रा भागात रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना नोटिसा आल्या. लोक रस्त्यावर उतरले.

न्याय्य विचार करायचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रुळांशेजारी राहणे धोक्याचे आहे. ठाणे-दिवा मार्गावर नव्या मार्गिका हव्या होत्या. त्या लोकलमध्ये लोंबकळत कामाला जाणारे लोक आपलेच आहेत. रेल्वेने जमीन मागणे हा गुन्हा नाही. प्रश्न आहे तो पद्धतीचा आणि किमतीचा. सहा महिन्यांचे बारा हजार रुपये घेऊन माणसाने या ठाणे परिसरात कोठे घर करावे? रूळ टाकताना झोपडीतला माणूस माणूस म्हणून मोजला गेला काय? शासनाला आवर घालणारे न्यायालय येथे शासनाच्याच मागे उभे राहिले, असे आजींना वाटले तर त्यांचे काय चुकले?

याच्याही पुढची गोष्ट आहे. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या मनमानीला लगाम घातला. आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही. पंधरा दिवसांची नोटीस द्या. म्हणणे ऐकून घ्या. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल करा, असे बजावले. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे अमरावतीचे, रा. सू. गवईंचे चिरंजीव, धम्माच्या घरात वाढलेले. पुढे 2025 मध्ये ते सरन्यायाधीश झाले तेव्हा आपल्या सर्वांची छाती अभिमानाने भरून आली, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-नाल्यांचे पात्र येथील अनधिकृत बांधकामांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे आजींच्या घराला लागू नाहीत! आपला माणूस न्यायासनावर बसला म्हणजे आपले काम संपले, असे मानणाऱ्यांनी हा अपवाद दोनदा वाचावा.

मग आजींना उत्तर काय?

एक. नोटीस म्हणजे शेवट नव्हे. सरकारी जागेवरून काढण्यासाठी 1971 चा कायदा आहे. त्यात कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. काढण्याचा हुकूम झाला तर बारा दिवसांच्या आत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. ते न्यायालय ठाण्यातच आहे, जेथे चवदार तळ्याचे अपील चालले होते. तारीख चुकली की हक्कही हातचा जातो. म्हणून कागद आला त्याच दिवशी तो वाचणाऱ्याकडे न्या.

दोन. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते. हे दान नव्हे, हक्क आहे.

तीन. कागदपत्रे जपा. 1985 च्या निकालातही ज्याच्याकडे कार्ड होते, त्याच्याच वाट्याला पर्यायी जागेचा शब्द आला. रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतील नाव, मुलांचा शाळेचा दाखला. बाबासाहेबांनी महाडच्या दाव्यात भाषणे सादर केली नव्हती, पुरावे सादर केले होते.

चार. एकट्याने जाऊ नका. संघाला आपण शरण जातो ते केवळ वंदनेत म्हणण्यासाठी काय? गल्लीतील शंभर घरांनी एकत्र अर्ज केला तर त्याला वजन येते. आणि ज्या ठिकाणी कायद्यातच आपल्यासाठी जागा नाही, तेथे न्यायाधीश ती निर्माण करील याची वाट पाहू नका. ती मतपेटीतून, सभांतून, विधानसभेतून निर्माण करावी लागते. कलम 17 असेच आले, चव्वेचाळिसावी दुरुस्ती अशीच आली.

शेवटी मूळ नैतिक प्रश्न राहतो. निकाल अन्याय्य वाटला तरी तो का पाळावा? बाबासाहेबांनी महाडला का पाळला? माझ्या मते, कारण असे की आपल्यापाशी लाठी नाही, पैसा नाही, पिढीजात वजन नाही. कायद्याचे राज्य मोडले तर सर्वांत आधी आपली घरे मोडतात. बलवानाला कायद्याची गरज नसते. दुर्बलाला ती असते. म्हणून आपण कायदा पाळतो तो भीतीने किंवा भक्तीने नव्हे, तर तो आपल्या कामाचा आहे म्हणून. बुद्धाने धम्मालादेखील तराफ्याची उपमा दिली : नदी ओलांडण्यासाठी वापरा, डोक्यावर घेऊन मिरवू नका. न्यायालय हाही एक तराफा आहे. तो कधी गळतो, कधी प्रवाहाबरोबर वाहत जातो. पण तो गळतो म्हणून नदीत उडी मारणे शहाणपणाचे नाही, आणि त्याची पूजा करून तो पैलतीराला लागत नाही. भोके बुजवावी लागतात आणि हाताने वल्हवावे लागते.

पुढच्या रविवारी मी पुन्हा आजींकडे गेलो. त्यांना एवढे सारे सांगितले नाही. येताना एक फाईल घेऊन गेलो होतो. बाबासाहेबांच्या तसबिरीमागची ती नोटीस मागून घेतली आणि म्हणालो, "आजी, बाबासाहेबांच्या मागं हा कागद ठेवून ते काही करणार नाहीत. त्यांनी त्यांचं काम केलं. हा कागद इथं ठेवायचा, आणि त्याच्यावर तुमचं वीजबिल, त्याच्यावर नातवाचा दाखला." आजींनी डबा उघडून एकेक कागद काढून दिला. एक लोकल गेली. भांडी वाजली. आम्ही थांबलो, आणि मग पुढचा कागद लावला.

आपल्या घरीही तसबिरीमागे असा एखादा कागद असेल. आज तो काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!